दाराच्या आत की बाहेर? पार्कलंडनंतर फ्लोरिडाने शिक्षकांच्या कमरेला पिस्तूल लावलं त्याचा प्रकरण अभ्यास

14 फेब्रुवारी 2018, बुधवार. व्हॅलेंटाइन डे असल्याने वर्गात फुलं, फुगे, चॉकलेटचे डबे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या ब्रॉवर्ड काउंटीतलं (म्हणजे जिल्ह्यातलं) पार्कलंड हे सुखवस्तू गाव आणि तिथलं मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूल ही सव्वातीन हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांची शाळा. शाळा सुटायला वीसेक मिनिटं होती, म्हणून गाड्यांसाठी फाटक आधीच उघडून ठेवलं होतं. फाटकावर कोणी नव्हतं. तिथून 19 वर्षांचा एक माजी विद्यार्थी रायफलची लांब पिशवी घेऊन आत आला. भाड्याच्या गाडीतून उतरला आणि चालत आला, इतकं साधं. (त्याचं नाव या लेखात कुठेही येणार नाही. त्याची गरज नाही.)

पुढच्या सुमारे सहा मिनिटांत 17 जण मेले, 17 जखमी झाले. मेलेल्यांत 14 विद्यार्थी आणि शाळेचे 3 कर्मचारी होते. त्यानंतर तीन आठवडे आणि दोन दिवसांत फ्लोरिडाने कायदा केला, वर्षभराने तो आणखी पुढे नेला, आणि वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकालाही पिस्तूल बाळगायची वाट मोकळी झाली. "शिक्षकांना शस्त्र द्यावं का" या वादात दोन्ही बाजू पार्कलंडचाच दाखला देतात. एकच घटना दोघांच्या कामी कशी येते, हे पाहायचं तर त्या सहा मिनिटांत दारादारांशी काय घडलं ते आधी पाहावं लागतं.

इमारत क्रमांक 12

तीन मजली इमारत. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, इथेही तसंच मोजलं आहे.

हल्लेखोर आवारात शिरताना एका कॅम्पस मॉनिटरने त्याला पाहिलं होतं. मॉनिटर म्हणजे आवारात फिरून लक्ष ठेवणारा, हातात वॉकीटॉकी असलेला, पण निःशस्त्र कर्मचारी. हा मुलगा धोक्याचा आहे हे त्याला माहीत होतं. त्याने दुसऱ्या मॉनिटरला कळवलं. "कोड रेड" मात्र दिला नाही. कोड रेड म्हणजे सगळ्यांनी वर्गात जायचं, दारं बंद करायची, दिवे मालवायचे. तो दिला गेला पहिल्या गोळीनंतर तीन मिनिटांहून अधिक वेळाने. तोपर्यंत पहिल्या मजल्यावरचं सगळं उरकलं होतं. तिथे पावणेदोन मिनिटांत 24 जणांना गोळ्या लागल्या, त्यातले 11 गेले.

चौकशी आयोगाच्या अहवालातली एक गोष्ट वाचून मी थांबलो होतो. हल्लेखोर एकाही वर्गात शिरला नाही. कॉरिडॉरमधून चालत गेला, दाराच्या उभ्या काचेतून जे दिसलं त्यावर गोळ्या झाडल्या आणि पुढे गेला. ज्या कोपऱ्यात उभं राहिलं तर काचेतून दिसत नाही त्याला तिथे "हार्ड कॉर्नर" म्हणतात. जमिनीवर पट्टी मारून तो आखून ठेवायचा, तिथे कपाट-टेबल ठेवायचं नाही. त्या इमारतीत असे आखलेले कोपरे फक्त दोन वर्गांत होते. बाकीच्या वर्गांत मुलं काचेच्या समोरच अडकली.

आणि दारांना कुलूप लागायचं ते फक्त बाहेरून, किल्लीने. म्हणजे गोळ्या सुरू झाल्यावर दार बंद करायचं तर शिक्षकाने आधी कॉरिडॉरमध्ये यायचं. मी ज्या शाळेत शिकलो तिथेही वर्गाची कडी बाहेरूनच होती. तिचा उपयोग मधल्या सुट्टीत आम्हाला वर्गाबाहेर ठेवण्यापलीकडे काही असू शकतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नसेल. कुलपं चोरासाठी बसवलेली असतात, आत बसलेल्यांसाठी नाही.

दुसऱ्या मजल्यावर एकही माणूस जखमी झाला नाही. खालून आवाज ऐकू आले, शिक्षकांनी मुलांना कोपऱ्यात घेतलं. काचेतून कोणी दिसेना. त्याने तिथेही गोळ्या झाडल्या, पण कोणाला लागल्या नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर उलटं झालं. रायफलच्या दणक्याने छताची धूळ खाली आली, त्या धुळीने फायर अलार्म वाजला. तिसऱ्या मजल्याला गोळ्यांचा आवाज नीट पोचला नव्हता, अलार्म मात्र पोचला. मुलं शिस्तीत, नेहमीच्या सरावाप्रमाणे, वर्गाबाहेर पडली. कॉरिडॉर भरला. खरं काय ते कळल्यावर परत धावली, तर कित्येक वर्गांची दारं मागे लागली होती. बाथरूमही बंद होती, कारण मुलं तिथे लपून व्हेपिंग करतात म्हणून शाळेने त्यांना कुलूप लावलेलं. भूगोलाचे शिक्षक स्कॉट बायगल यांनी किल्लीने आपलं दार उघडून मुलांना आत घेतलं. दार परत लावण्याआधी ते उंबऱ्यातच मारले गेले. त्या मजल्यावर सहा जण गेले.

मेलेले दुसरे दोन कर्मचारी म्हणजे फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक व मॉनिटर ॲरन फाइस आणि क्रीडा विभागाचे प्रमुख, नौदलात काम केलेले क्रिस हिक्सन. दोघेही आवाजाच्या दिशेने रिकाम्या हातांनी धावले.

आणि शाळेत एक सशस्त्र माणूस होता. शेरीफ खात्याचा (म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा) डेप्युटी स्कॉट पीटरसन, तीसहून अधिक वर्षांची नोकरी, शाळेच्या बंदोबस्तावर कायम नेमणूक. तो गोल्फ कार्टमधून इमारतीपर्यंत आला, रेडिओवर आधी फटाके असावेत म्हणाला, मग गोळीबार वाटतोय म्हणाला, आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीआड उभा राहिला. सुमारे 48 मिनिटं तिथेच. कॅमेऱ्यात ते सगळं आहे.

त्या काउंटीच्या शेरीफ खात्याच्या नियमावलीत एक शब्द बदललेला होता. गोळीबार चालू असेल तर डेप्युटीने आत शिरावंच, असं न म्हणता तो आत शिरू शकतो, असं लिहिलं होतं. घटनेनंतर तो शब्द पुन्हा सक्तीचा करण्यात आला. नियमात "शकतो" आणि "करावंच" यांत किती अंतर असतं हे सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको.

कायदा दोन टप्प्यांत

आठवड्याभराने, 21 फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमध्ये मुलांना आणि पालकांना बोलावलं. तिथे त्यांनी फाइस यांचंच उदाहरण दिलं: त्यांच्याजवळ पिस्तूल असतं तर त्यांना नुसतं धावून जावं लागलं नसतं. हा विचार नवा नव्हता. 2012 मध्ये सँडी हुकच्या प्राथमिक शाळेत 20 मुलं आणि 6 कर्मचारी मारले गेल्यावर नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेने प्रत्येक शाळेत सशस्त्र माणूस हवा अशी मागणी केली होती. टेक्सासमधल्या हॅरल्ड नावाच्या छोट्या गावाने तर 2007 मध्येच आपल्या निवडक कर्मचाऱ्यांना पिस्तूल बाळगू दिलं होतं. त्यांचं कारण सरळ होतं: शेरीफचं ठाणं इतकं लांब की मदत येईपर्यंत सगळं संपलेलं असणार.

9 मार्च 2018 ला गव्हर्नर रिक स्कॉट यांनी कायद्यावर सही केली. रायफल घ्यायचं वय 18 वरून 21 झालं, खरेदीत तीन दिवस थांबायचं आलं, बंप स्टॉकवर (रायफलमधून भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायच्या जोडभागावर) बंदी आली, धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रं कोर्टाच्या हुकमाने काढून घेता येऊ लागली. फ्लोरिडासारख्या बंदूकप्रेमी राज्यात हे सोपं नव्हतं. प्रत्येक शाळेत सशस्त्र सुरक्षा अधिकारी सक्तीचा झाला. आणि याच कायद्यात "कोच ॲरन फाइस गार्डियन प्रोग्रॅम" आला: शाळेच्या कर्मचाऱ्याला स्वेच्छेने शस्त्र बाळगता येईल, पण फक्त वर्गात शिकवणारा शिक्षक असेल तर नाही. काही अपवाद सोडले तर शिक्षक वगळलेले होते. खुद्द गव्हर्नर स्कॉट यांचाही शिक्षकांना शस्त्र द्यायला विरोध होता, ही तडजोड त्यातून आली.

या तडजोडीतली गंमत अशी की फाइस वर्गशिक्षक नव्हतेच. ते पहिल्या टप्प्याच्या कायद्यातही बसले असते.

गार्डियनसाठी 6 कोटी 70 लाख डॉलर ठेवले होते. त्यातले बहुतेक पहिल्या वर्षी पडून राहिले, कारण अनेक जिल्ह्यांनी योजना घेतलीच नाही. ब्रॉवर्डच्या शाळा मंडळानेही, ज्यांच्या अंगणात हे घडलं त्यांनी, एप्रिल 2018 मध्ये नकार दिला. पुढे सशस्त्र अधिकाऱ्यांची सक्ती पुरी करायला त्यांनी वेगळे सशस्त्र रक्षक नेमले, पण शिकवणाऱ्यांना शस्त्र दिलं नाही.

मत बदललेला शेरीफ

विधिमंडळाने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते पिनेलस काउंटीचे शेरीफ बॉब ग्वाल्टिएरी. सुरुवातीला त्यांचाही शिक्षकांना शस्त्र देण्याला विरोध होता. तपास करताकरता ते फिरले. या प्रकरणात मला सर्वात मोलाची वाटते ती त्यांची बाजू, कारण ती घोषणेतून आलेली नाही, घड्याळातून आली आहे.

त्यांनी व्हिडिओ सेकंदासेकंदाने पाहिला. हल्लेखोर मॅगझिन (रायफलला लावायची काडतुसांची पेटी) बदलायला पाच वेळा थांबला. फाइस जिन्याच्या दाराशी त्याच्या अगदी समोर आले होते. बाहेरची मदत कितीही झपाट्याने आली तरी दोन मिनिटांत येत नाही, आणि इथे तर 911 या आपत्कालीन क्रमांकाला केलेला फोनही आधी शेजारच्या कोरल स्प्रिंग्जला लागायचा आणि मग ब्रॉवर्डकडे वळवला जायचा. म्हणजे जे काही करायचं ते आत असलेल्यानेच. मग आत असलेल्या, तयारीच्या, प्रशिक्षित माणसाच्या हातात काहीतरी का नसावं? आयोगाने डिसेंबर 2018 मध्ये 13 विरुद्ध 1 मतांनी शिक्षकांनाही परवानगी द्यावी अशी शिफारस केली. विरोधातलं एकमेव मत मॅक्स शॅक्टर यांचं. त्यांचा मुलगा या गोळीबारात गेला होता. आयोगावर आपलं मूल गमावलेले दुसरेही वडील होते आणि ते शिफारशीच्या बाजूने होते. मृतांच्या पालकांचं म्हणणं एकच असतं असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

1 मे 2019 ला फ्लोरिडाच्या प्रतिनिधिगृहात 65 विरुद्ध 47 मतांनी विधेयक मंजूर झालं, 8 मे ला गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी सही केली, ऑक्टोबरपासून वर्गशिक्षकही गार्डियन होऊ शकले. अट एवढीच की जिल्ह्याचं शाळा मंडळ राजी हवं आणि शिक्षक स्वतःहून पुढे यायला हवा. 144 तासांचं प्रशिक्षण, मानसिक तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, नेमबाजीत 85 टक्के गुण. मानधन एकदाच 500 डॉलर. या 144 तासांतले 12 तास विविधतेच्या प्रशिक्षणाचे. कृष्णवर्णीय आमदारांनी चर्चेत उघड विचारलं होतं की घाबरलेल्या शिक्षकाला कोणत्या मुलाच्या हातातला मोबाइल पिस्तुलासारखा दिसेल. उत्तरादाखल मिळाले ते बारा तास.

144 तास कमी वाटतात? ओहायोत 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकाला पोलिसाइतकंच, 700 हून अधिक तासांचं प्रशिक्षण लागेल असा निकाल दिला होता. विधिमंडळाने 2022 मध्ये कायदाच बदलला आणि राज्याची सक्ती जास्तीत जास्त 24 तासांवर आणली. त्या मानाने फ्लोरिडा कडक म्हणायचं.

पिस्तूल आवारात आल्यावर

एप्रिल 2018. पार्कलंडच्याच शाळेतले एक शिक्षक, ज्यांनी आपण शस्त्र बाळगायला तयार आहोत असं जाहीरपणे सांगितलं होतं, डीअरफील्ड बीचच्या धक्क्यावर गेले. तिथल्या सार्वजनिक स्वच्छतागृहात आपलं पिस्तूल विसरले. लक्षात येऊन परतेपर्यंत एका दारू प्यालेल्या माणसाने ते उचलून एक गोळी झाडली होती. गोळी भिंतीत गेली, कोणाला लागली नाही. ते काही बेफिकीर माणूस नसावेत. चष्मा विसरतो, छत्री विसरते, डबा राहतो. रोज जवळ बाळगलेली वस्तू कधीतरी राहतेच, एवढंच यातून घ्यायचं.

त्याच्या महिनाभर आधी, कॅलिफोर्नियात, राखीव पोलीस असलेल्या एका शिक्षकाच्या हातून बंदुकीच्या सुरक्षेचा धडा देतानाच गोळी सुटली. छताचे तुकडे पडून विद्यार्थी जखमी झाला. फ्लोरिडात विधेयकावर चर्चा चालू असतानाच एका शाळेच्या कॅफेटेरियात भिंतीला टेकून उभ्या डेप्युटीचं पिस्तूल होल्स्टरमध्येच उडालं. हे तिघेही शस्त्र हाताळायची सवय असलेले.

आपल्या शेजारी, पाकिस्तानातही हा प्रयोग झाला. डिसेंबर 2014 मध्ये पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला, त्यात सव्वाशेहून जास्त मुलं मारली गेली. लगेच खैबर पख्तुनख्वा प्रांताने शिक्षकांना शस्त्र बाळगायला परवानगी दिली. पुढच्याच वर्षी स्वातमधल्या एका शाळेत शिक्षकाच्या बंदुकीतून चुकून सुटलेल्या गोळीने एका विद्यार्थ्याचा जीव गेला. आणि जानेवारी 2016 मध्ये चारसद्दाच्या बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला तेव्हा रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने पिस्तुलाने अतिरेक्यांवर गोळ्या झाडून विद्यार्थ्यांना पळायला वेळ मिळवून दिला आणि तो स्वतः मेला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणारा माणूस वाद जिंकायला आलेला असतो.

आकडे काय म्हणतात? शाळांतल्या 133 गोळीबारांचा (1980 ते 2019) अभ्यास 2021 मध्ये जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात आला. जिथे सशस्त्र रक्षक होता तिथे मृत्यूचं प्रमाण 2.83 पट निघालं. यावरून रक्षकामुळे माणसं मेली असं म्हणता येत नाही, पण रक्षकाच्या धाकाने हल्लेखोर मागे हटतो या समजुतीला त्यात आधार मिळत नाही. यातले बरेच जण मरायच्या तयारीनेच आलेले असतात, धाक कोणाला दाखवायचा? न्यूयॉर्क पोलिसांच्या कामगिरीवरच्या रँड या संशोधन संस्थेच्या 2008 च्या अहवालात, समोरून गोळ्या येत असताना प्रशिक्षित पोलिसांचा नेम लागण्याचं प्रमाण 18 टक्क्यांच्या आसपास होतं. उरलेल्या गोळ्या कुठेतरी जातातच, आणि शाळेच्या कॉरिडॉरमध्ये त्या "कुठेतरी" मुलं असतात.

शिक्षकांना विचारलं तर? पार्कलंडनंतर लगेच जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने विचारलं, तेव्हा 73 टक्के शिक्षक विरोधात होते. 18 टक्क्यांनी मात्र प्रशिक्षण घेऊन बंदूक बाळगायची तयारी दाखवली. हा आकडा मी हलक्यात घेणार नाही. शंभर शिक्षकांच्या शाळेत ते अठरा जण होतात.

दोन कामं, एक माणूस

माझं मत असं: पार्कलंडमध्ये बंदुकीची कमतरता नव्हती, कडीची होती. दुसऱ्या मजल्याला वाचवलं ते ऐकू आलेल्या आवाजाने आणि बंद दाराने. पहिल्या मजल्याला आखलेला कोपरा आणि वेळेवर दिलेला कोड रेड हवा होता, तिसऱ्याला उघडं बाथरूम आणि आतून लागणारं कुलूप. ही सगळी सुताराची आणि इलेक्ट्रिशियनची कामं आहेत. त्यात शौर्य नाही, म्हणून त्यावर भाषणं होत नाहीत.

ग्वाल्टिएरी यांचा हिशेब तरीही उरतोच, हेही कबूल. दार बंद असतानाही फाइस त्या जिन्यात असते, आणि त्यांच्या हातात काही असतं तर कदाचित तो हल्ला तिथेच थांबला असता. सप्टेंबर 2024 मध्ये जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये शाळेतल्या सशस्त्र पोलिसांनी समोर येताच 14 वर्षांच्या हल्लेखोराने शरणागती पत्करली. त्याआधी चार जण गेले होते. तिथे शिक्षकांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर धोक्याचं बटण होतं, ते नुकतंच दिलेलं. पोलिसांना कुठे धावायचं ते त्या बटणाने कळलं. उलट टेक्सासच्या युवाल्डीत मे 2022 मध्ये 376 सशस्त्र पोलीस जमले आणि 77 मिनिटं दाराबाहेर थांबले.

पण फाइस आणि वर्गशिक्षक यांत एक फरक आहे, आणि 2019 च्या कायद्याने नेमका तोच पुसला. फाइस यांच्याकडे वर्ग नव्हता. ते आवाजाकडे धावले तेव्हा त्यांच्यामागे तीस मुलं टेबलाखाली बसलेली नव्हती. पार्कलंडमधल्या भारतीय वंशाच्या एका गणिताच्या शिक्षिकेची गोष्ट तेव्हा बातम्यांत आली होती. त्यांनी दिवे मालवले, काचेवर कागद लावला, मुलांना खाली झोपवलं. नंतर पोलिसांची तुकडी दार ठोठावू लागली तरी उघडलं नाही. दार फोडा नाहीतर किल्लीने उघडा, मी उघडणार नाही, असं त्यांनी आतून सांगितलं. समजा, त्यांच्या पर्समध्ये पिस्तूल असतं आणि त्या गार्डियन असत्या. कॉरिडॉरमध्ये गोळ्या चालू आहेत. त्यांनी आत थांबायचं की बाहेर पडायचं? आत थांबल्या तर उद्या कोणीतरी विचारणार, तुम्हाला प्रशिक्षण कशासाठी दिलं होतं. बाहेर पडल्या तर दार कोण लावणार, आणि ते बाहेरूनच लागत असेल तर कोणाच्या किल्लीने?

हा प्रश्न फ्लोरिडाच्या कोर्टात एकदा अर्धवट येऊन गेला आहे. पीटरसनला जून 2019 मध्ये अटक झाली. आरोप एकूण 11, त्यातले सात बालकांकडे दुर्लक्ष केल्याचे आणि सगळे तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांबाबत, कारण पहिल्या मजल्यावरचा गोळीबार तो इमारतीपाशी येण्याआधी झालेला. खटल्यात मुख्य खल झाला तो एका शब्दावर. कायद्याच्या अर्थाने तो त्या मुलांचा "सांभाळ करणारा" होता का? बचाव पक्षाचं म्हणणं होतं, पोलीस हा सांभाळ करणारा नव्हे. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं, शाळेवर नेमलेला पोलीस आहे. 29 जून 2023 ला ज्यूरीने त्याला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं.

शिक्षकाच्या बाबतीत या शब्दावर कोणी दोन दिवससुद्धा वाद घालणार नाही.